सगळ्यांचा एकच मामा

मे महिना अर्धा झाला की माझ्या तळहातांना खडूचा वास येऊ लागतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, खडू हातात धरलेला नाही, तरी येतो. आमच्या घरचं माणूस म्हणतं, "हा खडूचा नाही. कैरीच्या फोडीला मीठ लावून खाता आणि हात धूत नाही, त्याचा वास आहे." असेल. बायकोच्या नाकावर शंका घेण्याइतका मी अजून म्हातारा झालेलो नाही. पण बाहेर गुलमोहर पेटलेला असतो, रस्ता ओस पडलेला असतो, कुणाच्या तरी गच्चीवर कुरडया कडकडीत वाळत असतात, आणि मला मात्र सुट्टीत बंद असलेली शाळेची खोली उघडल्यावर येतो तो कोंडलेला, धुळकट, पांढरा वास येतो. मग मी खुर्ची गॅलरीत ओढतो आणि त्या एका उन्हाळ्यात जाऊन बसतो.

तो उन्हाळा साधा नव्हता. हल्ली लोक ऊन ऊन म्हणतात ते मोबाइलवर आकडा बघून. आमच्या त्या मे महिन्यात लक्ष्मी रस्त्यावर दुकानांत टांगलेल्या साड्यांचे रंग टांगल्या जागी उडाले. सकाळी डाळिंबी म्हणून नेसलेली साडी दुपारी गुलाबी होऊन घरी आली. नारायण पेठेतल्या छापखान्यांत शाई इतकी पातळ झाली की एका लग्नपत्रिकेतला नवरा शेजारच्या पत्रिकेत ओघळला, आणि ते लग्न म्हणे पुढे चांगलं टिकलं. माठाखाली पाझरणाऱ्या थेंबांसाठी कावळे रांग लावत. पुण्यातले कावळे, त्यामुळे रांगेत मध्ये घुसणाऱ्याला हाकलत नसत, नुसतं बघत. यातलं निम्मं खरं आहे. कोणतं निम्मं, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नाही.

शहरालाही तेव्हा वेगळाच ताप चढला होता. काल जिथे वह्यांना पुठ्ठे घालून मिळत, तिथे आज काळ्या काचा लागत आणि आत सायबर कॅफेत ताशी दराने परदेश दिसे. प्रत्येक घरात एक भाचा संगणकाच्या कंपनीत आणि एक पुतण्या 'ऑनसाइट'. आईबाप इंग्रजी शाळेच्या अर्जासाठी पहाटेपासून उभे राहत, आणि आमच्या मराठी शाळेत एका बाकावर दोन मुलांमध्ये एक दप्तर ऐसपैस पाय पसरून बसू लागलं होतं. अशा दिवसांत शिक्षण खात्यानं आम्हा मराठीच्या मास्तरांना भर सुट्टीत बोलावलं. कशासाठी, तर मुलांना लिहायला कसं शिकवावं, हे शिकण्यासाठी. म्हणजे मंडईतल्या माणसाला भाजी कशी निवडावी याचा वर्ग.

वर्ग भरला नारायण पेठेतल्या एका जुन्या शाळेच्या सभागृहात. सुट्टीत ते पारव्यांनी ताब्यात घेतलं होतं. आम्ही चाळीसेक जण आत गेलो तेव्हा ते आमच्याकडे असे बघू लागले, जणू हजेरी त्यांनीच घ्यायची आहे. वर तीन पंखे. त्यातला एक फिरत असे, एक कुरकुरत असे आणि तिसरा नुसता उपस्थित असे. खात्यातले आम्ही सगळे त्या तिसऱ्याकडे आदरानं बघत होतो.

शिकवायला होत्या गजभिये मॅडम. मूळच्या भंडाऱ्याच्या, प्रशिक्षण संस्थेत नोकरीला म्हणून पुण्यात आलेल्या. अंगानं एवढ्याशा, अस्मानी सुती साडी, आणि आवाज इतका हळू की ऐकायचं तर गप्प बसावं लागे. आणि मराठीच्या चाळीस मास्तरांना गप्प बसवणं हे काम अजून कुठल्या सरकारला जमलेलं नाही. हा वर्ग मिळावा म्हणून मॅडमनी खात्याच्या जिन्यांवर कित्येक चपला झिजवल्या होत्या. मिळाला तोही एकदाच, प्रयोग म्हणून. खात्याचे निंबाळकर साहेब शेवटच्या दिवशी येऊन ठरवणार होते: वर्ग दर उन्हाळ्यात भरवायचा, की कायमचा गुंडाळून त्या जागी मास्तरांना संगणक शिकवायचा. साहेबांचा कल सांगायला ज्योतिषी नको होता. उद्घाटनालाच ते म्हणाले होते, "निबंध बाजारात तयार मिळतात हो. माऊस धरता येणारा हात मिळत नाही."

पहिल्या सकाळी मॅडम म्हणाल्या, "आज घरून निघताना काय दिसलं, ते लिहा बरं."

सभागृहातल्या चेहऱ्यांवर मरणकळा पसरली. पहिल्या ओळीत बसलेल्या साठे बाई, नारायण पेठेतल्याच, नोकरीत आमच्यात सर्वांत ज्येष्ठ, त्यांनी पर्सची चेन सावकाश लावली आणि म्हणाल्या, "मॅडम, आम्ही लिहायला शिकवतो. लिहीत नाही."

"पोहायला शिकवणारा पाण्यात उतरत नाही का, बाई?"

"आमच्याकडे नाही उतरत."

"म्हणून तर पोरं बुडून राहिली," मॅडम त्याच हळू आवाजात म्हणाल्या, आणि कागद वाटत पुढे गेल्या.

आता माझं ऐका. मी ढमढेरे. माझ्या एका गोष्टीपायी शिक्षकांच्या खोलीत चहा गार झाले आहेत, तास बुडाले आहेत, एका मुख्याध्यापकांची बदली लांबली आहे. पण कागद पुढे आला आणि माझा हात लिहून गेला, 'प्रातःकाळची रम्य वेळ होती.' मॅडम माझ्यामागे येऊन थांबल्या.

"सर, खरंच रम्य होती का वेळ?"

"छे. स्कूटर चालू होत नव्हती. किका मारून मारून उजवा पाय डाव्यापेक्षा लांब झाला."

"मग?"

"मग वरच्या मजल्यावरून आपटे म्हणाले, 'ढमढेरे, ती चालवायला घेतली आहे की व्यायामाला?'"

"मग हे का नाही लिहिलं?"

"हे? हे कुठे निबंधात असतं?"

सगळं सभागृह हसलं. आणि हसता हसता एकेक जण गप्प झाला, कारण प्रत्येकाच्या कागदावर तीच रम्य वेळ उगवली होती. तिकडे स्वारगेटवरून लोंबकळत आलेल्या माणसाच्या कागदावरही दवबिंदू चमकत होते.

त्यानंतरचे दिवस मला आठवतात ते सलग आठवत नाहीत, तुकड्यांनी आठवतात. वाळा घातलेल्या माठाचं पाणी. दुपारच्या चहाच्या किटलीवर फडकं गुंडाळून येणारा शिपाई. पन्ह्यातल्या वेलदोड्याचा वास, आणि त्या वासात कुणीतरी वाचून दाखवत असलेलं एखादं वाक्य. मॅडम चूक काढत नसत. त्या विचारत, कोणत्या रंगाचं? कुणाचा आवाज? माणूस उत्तर देई आणि देता देता त्याच्या लक्षात येई की आपल्याजवळ ते होतं की. साठे बाईंनी सासूबाई गेल्यावर उघडलेल्या लोणच्याच्या बरणीवर अर्धं पान लिहिलं. वाचताना चष्मा पुसायला काढला तो पुन्हा घातला नाही, पाठ असल्यासारखं शेवटपर्यंत म्हणाल्या. त्या दिवशी तिसरा पंखासुद्धा किंचित हलला. मी स्वतः पाहिलं.

अशात एका दुपारी साहेब मध्येच डोकावले. दोन मास्तरांचं वाचन ऐकलं, घड्याळ बघितलं. म्हणाले, "मोठी माणसं लिहितात हे छान आहे. पण पगार मुलांना शिकवण्याचा मिळतो ना आपल्याला?"

माझ्या जिभेला हाड नाही, ब्रेक तर त्याहून नाही. मी उठलोच. "साहेब, कुठलीही मुलं समोर बसवा. तासाभरात प्रत्येक जण स्वतःचं पान लिहील. नाही लिहिलं तर मिशा उतरवीन."

"तुम्हाला मिशा नाहीत, सर."

"वाढवीन आणि उतरवीन."

साहेब हसले नाहीत. "शनिवारी, शेवटच्या दिवशी, मुलं आणा. मी येतो. लिहिलं तर पुढचं बोलू. नाही तर मॅडम, आपण संगणकाकडे वळू."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागानं पाहिलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता पदर खोचला आणि आम्हाला म्हणाल्या, "एकच विनंती आहे. मुलं आणा, पण त्यांना काही सांगू नका. एक शब्द नको." आम्ही चाळीस माना अशा डोलावल्या की वारा सुटला.

आता मे महिन्यात पुण्यात मूल शोधणं काय असतं, ते ज्यानं केलं त्यालाच माहीत. पेठा रिकाम्या. जे उरलेलं ते शिबिरात: सकाळी व्यक्तिमत्त्व, दुपारी संगणक, संध्याकाळी पोहणं. आणि सुट्टीत मास्तर दिसला की मूल जे पळतं, त्या वेगाची नोंद कुठल्या मैदानावर झालेली नाही. साठे बाई पोहण्याच्या तलावाच्या काठावर जाऊन उभ्या राहिल्या, तर पोरं त्यांना बघून पाण्याखाली गेली आणि बराच वेळ वर आलीच नाहीत. मी स्वारगेटला साताऱ्याच्या एसटीच्या पायरीवर एक पाय ठेवलेला माझ्याच वर्गातला चिन्मय पकडला. त्याची आई म्हणाली, "अहो सर, शाळा सुटली ना? की आम्हाला कळवायचं राहिलं?" मी तिला मराठी भाषेचं भवितव्य सांगितलं. मागे कंडक्टर घंटीची दोरी हातात धरून उभा होता, त्यानंच शेवटी कंटाळून चिन्मयची पिशवी खाली ठेवली. वाघोलीच्या शाळेतले शिंदे गुरुजी मात्र टेम्पोत भरून मुलं घेऊन आले. तिकडची मुलं मामाकडे गेली नव्हती. त्यांचे मामा शेजारच्याच खोलीत राहत होते.

आणि मग आम्ही तेच केलं, जे जगात फक्त मराठीचे मास्तर करू शकतात. प्रत्येकाला वाटलं, बाकीचे एकोणचाळीस जण शब्द पाळणार आहेत. आपण एकट्यानं आपल्या पोरांची थोडीशी तयारी करून घेतली, तर मॅडमना तेवढीच मदत. थोडीशीच. सुरुवात, शेवट आणि मधलं.

शनिवारी साहेब आले. समोरच्या बाकांवर मुलं, भिंतीकडेनं आम्ही. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, 'या सुट्टीतला एक दिवस.' आणि पेन्सिली सुटल्या. अशा सुटल्या की कागदांवरून धूर यायचा बाकी राहिला. एकही मूल थांबेना, खोडेना, वर बघेना. साहेबांच्या भुवया चढल्या. मी छाती काढून उभा राहिलो. मॅडमचा चेहरा मात्र पडत चालला होता. लिहिणारं मूल कधीतरी वर बघतं, हे त्यांना ठाऊक होतं.

चिन्मयनं वाचलं, "उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बालगोपाळांची जणू पर्वणीच. मी मामाच्या गावी गेलो. आमराईत कोकिळा गात होती. आम्ही नदीत यथेच्छ डुंबलो." छान. तलावावरच्या पोरीनं वाचलं, "उन्हाळ्याची सुट्टी म्हणजे बालगोपाळांची जणू पर्वणीच." तिसऱ्यानं पर्वणी काढली. चौथ्याची कोकिळा त्याच फांदीवर, पाचव्याची नदी तितकीच यथेच्छ. चाळीस मास्तरांनी आपापल्या मुलांना गुपचूप सांगितलेला तो निबंध एकच होता. आम्ही सगळे लहानपणी तोच पाठ करून मोठे झालो होतो.

साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, ही सगळी मुलं भावंडं आहेत का?"

"नाही, साहेब."

"मग एवढ्या मुलांना एकच मामा कसा?"

परवा माझा नातू म्हणत होता, "आजोबा, निबंध आता कोण लिहितं, मशीन लिहून देतं." मी म्हटलं, बघू दे. वाचलं. छान होतं. कोकिळा होती, आमराई होती. मी त्याला म्हटलं, "अरे, हा मामा माझ्या ओळखीचा आहे." त्याला काही कळलं नाही, तो वेफर खात निघून गेला.

त्या दिवशी सभागृहात पिन पडली असती तर तिलाही लाज वाटली असती. मॅडम चिन्मयजवळ गेल्या. "मामाचं गाव कोणतं रे?"

"मामा इथेच, पुण्यात बावधनला राहतो. आयटीत आहे. त्याला सुट्टीच नसते."

साहेब उठायच्या बेतात होते. "मॅडम, मला वाटतं आपण आता—"

"साहेब, तासाचं ठरलं होतं. अर्धा झाला, अर्धा राहिला." आवाज तसाच हळू, पण साहेब पुन्हा बसले. मॅडम मुलांकडे वळल्या. "मुलांनो, हा कागद उलटा करा. हा निबंध तुम्हाला कुणी सांगितला, कुठे सांगितला, तेव्हा काय काय झालं, ते लिहा. कुणी रागावणार नाही."

"खरं लिहायचं?" चिन्मयनं विचारलं.

"खरं."

"सरांचं नाव घालून?"

मॅडमनी भिंतीकडेच्या आमच्या रांगेवरून एकदा नजर फिरवली. "घालून."

साठे बाई शेजारून पुटपुटल्या, "ढमढेरे, मागच्या दाराला कुलूप आहे का हो?"

या वेळी पेन्सिली सुटल्या नाहीत. त्या अडल्या. टोकं चघळली गेली, छताकडे बघितलं गेलं, खोडलं गेलं, आणि मधूनच एखादं मूल आपल्याच कागदाकडे बघून खुदकन हसलं. शिकवण्यात माझी हयात गेली, पण मूल विचार करतं तेव्हा खोलीत जो आवाज होतो, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. खरं तर तो आवाज नसतोच. पाऊस पडायच्या आधी झाडं जशी थांबतात, तसं असतं ते.

मग चिन्मय उभा राहिला. "ढमढेरे सरांनी मला रसवंतीत नेलं. मला मोठा ग्लास घेतला आणि स्वतःला लहान, कारण डॉक्टरांनी त्यांचं गोड बंद केलंय. मग माझा अर्धा ग्लास त्यांनीच प्यायला. ते म्हणाले, लिही, कोकिळा गात होती. मी म्हटलं, सर, इथे चरकाचं घुंगरू वाजतंय. ते म्हणाले, घुंगरू परीक्षेत चालत नाही."

आधी साहेबांचं पोट हललं, मग टेबल. तलावावरच्या पोरीनं वाचलं की साठे बाईंनी सगळ्यांचे टॉवेल ताब्यात घेतले आणि सांगितलं, पहिली ओळ म्हणा, टॉवेल न्या. "माझे दात वाजत होते म्हणून पर्वणी शब्द नीट येत नव्हता. बाईंनी मला चार वेळा म्हणायला लावला आणि मग स्वतःच्या पदरानं माझं डोकं पुसलं." बाई एवढंच म्हणाल्या, "पदर स्वच्छ होता, तेही लिहायचं होतं." एकेक कागद उलगडत गेला आणि आम्ही चाळीस जण आमच्या घामासकट, गुडघेदुखीसकट, खोट्या कोकिळांसकट त्या सभागृहात उभे राहिलो. इतकी बेअब्रू आणि इतका आनंद मला एका वेळी पुन्हा झालेला नाही. दोन पानं सारखी नव्हती. साहेब डोळे पुसत होते.

शेवटी राहिली वाघोलीची सुवर्णा. दोन वेण्या, गुडघ्याला धूळ. ती उठली आणि आपल्या बोलीत वाचू लागली.

"शिंदे गुरुजी म्हनले, मोठं सायेब येनार हायती, भिऊ नको. मी न्हाई भ्यायले. गुरुजीच भ्याले व्हते. ते म्हनले, आमराई लिही. आमच्याकडं आमराई न्हाई. दगडाची खान हाय. तिच्यात पानी साठलंय आन् त्यात समदं आभाळ मावतं. गुरुजी म्हनले, खान नको लिहू. पर मला आमराई दिसत न्हाई, खान दिसती. येक दिस आमची शेळी काठावर वाकून पान्यातल्या आभाळाकडं बगत व्हती. तेवढ्यात तिचा पाय—"

ती थांबली. कागद उलटसुलट करून पाहिला.

"तेवढ्यात काय?" साहेब खुर्चीच्या टोकाशी आले होते.

"पान संपलं."

"आणि तू?"

"मी न्हाई संपले."

शिंदे गुरुजी कोरा कागद शोधू लागले. होते तेवढे सगळे वाटून झाले होते. साहेबांच्या पुढ्यात मात्र एक होता. वर खात्याचा शिक्का, त्याखाली छापलेलं 'अभिप्राय', आणि बाकी सगळं कोरं. साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, तो उचलला आणि सुवर्णाच्या बाकावर ठेवला.

"यावर शिक्का हाय," ती म्हणाली.

"असू दे. त्याच्या खालून लिही." मग मॅडमकडे न बघताच म्हणाले, "मॅडम, संगणक कुठे पळून जात नाही. पुढच्या मे महिन्यात हे सभागृह तुमचं. त्याच्या पुढच्याही. कागदावर नंतर घेऊ, आता जरा कुणी बोलू नका, तिला लिहू द्या."

गजभिये मॅडम खिडकीशी गेल्या आणि बाहेरच्या उन्हाकडे बघत राहिल्या. ते ऊन इतकं लख्ख होतं की कुणाच्याही डोळ्यांत पाणी यावं. सुवर्णानं पेन्सिलीचं टोक जिभेला लावलं आणि साहेबांच्या शिक्क्याखाली पहिला शब्द लिहिला. आणि आम्ही सगळे, मास्तर, बाया, खात्याचे साहेब, हातातली किटली तशीच धरलेला शिपाई, उभे राहिलो, वाघोलीच्या खाणीच्या काठावर त्या शेळीचं पुढे काय झालं ते कळेपर्यंत.